भावाचे जुळते, बापाचे का नाही?

आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एक परिचर आहेत. आम्ही सर्व त्यांना अण्णा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी, प्रात्यक्षिक परीक्षांच्या धामधुमीत, ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांची सातवीतील मुलगी बरेच महिने आजारी होती. तिच्या हाडांतील मज्जा रक्तपेशी तयार करीनाशी झाली होती, आणि दुसऱ्या कोणाची तरी जुळणारी मज्जा देणे हाच उपाय डॉक्टरांनी सांगितला होता. घरातील सर्वांचे रक्त तपासून झाले होते. कागदावर आकडे होते : वडील दहापैकी पाच, आई दहापैकी पाच, थोरला भाऊ दहापैकी पाच, धाकटा भाऊ दहापैकी दहा.

अण्णांना आनंद झाला होता, पण कोडेही पडले होते. "सर, मी तिचा बाप. माझं निम्मंच जुळतं, आणि त्या चौथीतल्या पोराचं दहाचं दहा? हे कसं काय?"

मी भौतिकशास्त्राचा माणूस. जीवशास्त्राची आणि माझी ताटातूट बारावीनंतर झाली, ती दोघांच्याही संमतीने. "उद्या सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. त्या 'उद्या'ला तीन आठवडे लागले. अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर तसे फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येते. पण त्याच्या पाठीमागे जो मोठा प्रश्न उभा आहे, माणसे एकमेकांशी जुळतच का नाहीत हा, त्याचा माग काढता काढता मी उंदरांपासून चित्त्यांपर्यंत जाऊन पोहोचलो. तुम्हालाही त्याच वाटेने नेतो.

गळून पडलेली कातडी

दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर आणि नागरिकांवर उपचार करताना शल्यविशारदांना एक अडचण सतत येत असे. रोग्याच्या मांडीची कातडी त्याच्याच हातावर लावली तर ती रुजे. दुसऱ्या कोणाची लावली तर ती काही दिवस टिके आणि मग गळून पडे. पीटर मेडावार हे तरुण प्राणिशास्त्रज्ञ या प्रश्नाच्या मागे लागले. ग्लासगो येथे टॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी भाजलेल्या एका तरुणीचे बारकाईने निरीक्षण केले. तिला तिच्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावण्यात आले होते. ते गळाले. पुन्हा त्याच भावाच्या कातडीचे तुकडे लावले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. १९४३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले.

यातील 'लवकर' हा शब्द महत्त्वाचा आहे. एकदा गोवर येऊन गेला की शरीर गोवराच्या विषाणूला विसरत नाही. पुन्हा तो आला तर त्याचा चटकन बंदोबस्त होतो. त्या तरुणीच्या शरीराने भावाची कातडी तशीच लक्षात ठेवली होती. रोगजंतूंशी लढणारी यंत्रणाच कातडीशीही लढत होती. पुढे मेडावार यांनी सशांवर भरपूर प्रयोग करून ही गोष्ट पक्की केली.

पण शरीर परके ओळखते ते कशावरून? याचे उत्तर उंदरांनी दिले. लंडनमध्ये पीटर गोरर आणि अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे जॉर्ज स्नेल हे दोघे उंदरांवर काम करीत होते. एका उंदराची गाठ किंवा कातडी दुसऱ्यावर रुजेल की नाही हे अनेक जनुके ठरवतात, हे खरे. परंतु गुणसूत्रावरील एका लहानशा पट्ट्याचा अंमल बाकी सर्वांपेक्षा फार मोठा असतो, असे त्यांना आढळले. या पट्ट्याला 'एच-२' असे नाव मिळाले. माणसातही असाच पट्टा असल्याचा पहिला सुगावा पॅरिसमध्ये झाँ दोसे यांना १९५८ मध्ये लागला. पांढऱ्या पेशींवर त्यांना जे लक्षण सापडले त्याला त्यांनी 'मॅक' हे नाव दिले, प्रयोगाला साहाय्य करणाऱ्या तीन व्यक्तींच्या नावांच्या आद्याक्षरांवरून! तेच आज 'ए-२' म्हणून ओळखले जाते. हे 'ए-२' लक्षात ठेवा, ते पुन्हा भेटणार आहे. स्नेल आणि दोसे यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गोरर १९६१ मध्येच वारले होते.

सस्तन प्राण्यांतील या जनुकसमूहाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एम.एच.सी.' म्हणतात, आणि माणसाच्या समूहाला 'एच.एल.ए.'. ऊती जुळण्याशी संबंधित जनुकांचा प्रमुख समूह, असा पहिल्या नावाचा अर्थ. मला हे नाव फसवे वाटते. रानात कोणी कोणाला कातडी लावत नाही. शल्यविशारद ही अगदी कालची गोष्ट. ही जनुके मात्र शार्क माशातही आहेत, म्हणजे त्यांचे मूळ कित्येक कोटी वर्षे मागे जाते. शल्यविशारदांची अडवणूक करण्यासाठी निसर्गाने ती राखून ठेवली असतील, हे संभवत नाही. मग त्यांचे खरे काम कोणते?

कॅनबेराची खोली

रॉल्फ झिंकरनागेल हे स्वित्झर्लंडचे डॉक्टर आणि पीटर डोहर्टी हे ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य. १९७३-७४ मध्ये कॅनबेरा येथे हे दोघे एकाच प्रयोगशाळेत काम करीत होते. उंदरांच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू आहे. त्याची लागण झालेल्या उंदराच्या शरीरात 'टी-पेशी' नावाच्या पांढऱ्या पेशी तयार होतात, आणि त्या विषाणूग्रस्त पेशींना ठार करतात. या दोघांनी अशा टी-पेशी काढून काचेच्या बशीत विषाणूग्रस्त पेशींबरोबर ठेवल्या. अपेक्षेप्रमाणे त्या मेल्या. मग त्यांनी त्याच विषाणूने ग्रासलेल्या, पण वेगळ्या एच-२ जातीच्या उंदराच्या पेशी घेतल्या. विषाणू तोच, टी-पेशी त्याच. पण आता काहीच घडले नाही! त्या पेशी जशाच्या तशा राहिल्या.

याचा अर्थ टी-पेशी केवळ विषाणू पाहत नाही. ती आपल्या ओळखीचा एम.एच.सी. रेणू आणि विषाणू या दोन्ही गोष्टी मिळून पाहते. पण 'मिळून' म्हणजे नेमके कसे? शेजारी शेजारी? एकात एक? तेरा वर्षे यावर वाद चालला. आणि तो मिटवला, हे सांगताना माझा ऊर थोडा भरून येतो, क्ष-किरणांनी.

स्फटिकावर क्ष-किरण पाडले की ते ठराविक दिशांनाच जोरात परावर्तित होतात, हा ब्रॅगचा नियम तुम्ही पुढे महाविद्यालयात शिकाल. क्ष-किरणांची तरंगलांबी अणूअणूंमधील अंतराएवढीच असते, म्हणून हे शक्य होते. पडलेल्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने मागे जात, स्फटिकात इलेक्ट्रॉन कोठे दाट आणि कोठे विरळ आहेत याचा नकाशा काढता येतो. मिठाच्या स्फटिकाचे गणित पदवीचा विद्यार्थी करू शकतो. पण हजारो अणूंच्या प्रथिनाचा आधी स्फटिक करणे हेच कर्मकठीण, आणि मग त्याचा नकाशा! हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्योर्कमन या तरुण संशोधिकेने डॉन वायली आणि जॅक स्ट्रॉमिंजर यांच्याबरोबर कित्येक वर्षे खपून हे काम तडीस नेले. त्यांनी निवडलेला रेणू कोणता? एच.एल.ए. 'ए-२', दोसे यांचा जुना 'मॅक'.

ऑक्टोबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नकाशात रेणूच्या माथ्यावर एक खाच दिसली. तळाला प्रथिनाच्या साखळीच्या समांतर पट्ट्यांची सपाट चटई, आणि दोन बाजूंना दोन पिळदार काठ. लांबी सुमारे अडीच नॅनोमीटर, रुंदी सुमारे एक. आणि खाच रिकामी नव्हती! तिच्यात इलेक्ट्रॉनांचा एक असा पुंजका होता, जो 'ए-२'च्या स्वतःच्या कोणत्याच अणूंशी जुळत नव्हता. ज्या पेशींतून तो रेणू मिळवला, त्यांच्यातील निरनिराळ्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्या खाचेत बसून राहिले होते. वाद मिटला. एकात एक!

आता सारा कारभार उलगडतो. आडतीवर धान्याचे पोते आले की व्यापारी ते उलगडून पाहत बसत नाही. पोत्यात अणकुचीदार लोखंडी पन्हळी खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो आणि त्यावरून आत काय आहे ते ओळखतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्यातील प्रथिने सतत तोडत असते. त्यांतील आठ-दहा ॲमिनो आम्लांचे तुकडे एम.एच.सी. रेणू आपल्या खाचेत, जणू तळहातावर, घेऊन पेशीच्या पृष्ठभागावर येतो. फिरत्या टी-पेशी हे नमुने चाचपून पाहतात. सारे नमुने घरचेच असले तर त्या पुढे जातात. विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा आढळला की त्या पेशीचा निकाल लावला जातो. विषाणू पेशीच्या आत कितीही दडून बसला तरी त्याचा दाणा बाहेर तळहातावर येतो. (ही 'पहिल्या वर्गा'च्या रेणूंची रीत झाली. दुसऱ्या वर्गाचे रेणू पेशीने बाहेरून गिळलेल्या मालाचे नमुने दाखवतात. त्यांच्या तपशिलात येथे शिरत नाही.)

तळहात मात्र सर्वांचे सारखे नसतात. खाचेच्या तळाशी लहान लहान खळगे असतात आणि त्यांच्या आकारात बसेल तोच तुकडा तेथे टिकतो. 'ए-२'च्या खाचेत असाच तुकडा नीट बसतो, ज्याचे दुसरे ॲमिनो आम्ल बहुधा ल्युसिन आणि शेवटचे व्हॅलिन किंवा ल्युसिन असते. 'बी-२७' या दुसऱ्या रेणूला दुसऱ्या जागी आर्जिनिन लागते. म्हणजे एकाच विषाणूचे माझ्या पेशी एक तुकडे दाखवतील, तुमच्या पेशी दुसरेच.

अण्णांचे उत्तर

माणसाची ही जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर दाटीवाटीने बसलेली आहेत. अण्णांच्या कागदावर त्यांपैकी पाच मोजली होती. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून व एक वडिलांकडून. म्हणून एकूण दहा. ही पाचही इतकी जवळ आहेत की ती बहुधा एक जुडी म्हणूनच पुढील पिढीत जातात. मधेच जुडी तुटून अदलाबदल होते, पण क्वचित.

वडिलांच्या दोन जुड्यांना क आणि ख म्हणू, आईच्या दोहोंना ग आणि घ. प्रत्येक मुलाला वडिलांची एक आणि आईची एक जुडी मिळते : कग, कघ, खग किंवा खघ. समजा मुलगी कग आहे. वडील कख. दोघांत फक्त क समान. म्हणजे दहापैकी पाच. मुलीची दुसरी जुडी आईची, ती बापाकडे असणार कोठून? आईचेही तसेच. बाप कितीही जीव टाको, त्याचे निम्मेच जुळायचे. भाऊ मात्र चारपैकी कोणत्याही प्रकारचा असू शकतो; तो कग निघाला तर दहापैकी दहा. थोरला कघ किंवा खग निघाला असावा, धाकटा कग.

म्हणजे एक भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता एकचतुर्थांश. दोन भावंडे असतील तर निदान एक जुळण्याची शक्यता किती? एकही न जुळण्याची शक्यता ३/४ गुणिले ३/४ म्हणजे ९/१६. म्हणून उत्तर ७/१६, निम्म्याहूनही थोडे कमी. अण्णांना मी हे फळ्यावर मांडून दाखवले. त्यांनी बराच वेळ फळ्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही अवघड होतं?" मी हो म्हणालो.

नात्याबाहेर तर जुळणे फारच दुर्मीळ. याचे कारण प्रकारांची संख्या. आपल्या बहुतेक जनुकांचे मोजकेच प्रकार लोकांत प्रचलित असतात. एच.एल.ए. जनुकांचे मिळून नोंदलेले प्रकार मात्र २०२४ पर्यंत ४० हजारांच्या घरात गेले. एवढे मोठे आकडे सोडा. समजा तीनच जनुके आहेत आणि प्रत्येकाचे केवळ दहा प्रकार. एका जनुकाच्या जोड्या ५५ होतात, आणि तिन्ही मिळून ५५ चा घन, म्हणजे १,६६,३७५ निरनिराळी माणसे!

सर्वांत लोकप्रिय कुलूप

मोठा प्रश्न आता समोर येतो. इतके प्रकार का? उत्तम असा एकच तळहात उत्क्रांतीने सर्वांना का दिला नाही?

कारण विषाणू स्वस्थ बसत नाहीत. एका विशिष्ट खाचेत बसणारा आपला तुकडा विषाणूने एका अक्षराने बदलला की तो तेथून निसटतो. जी खाच समाजात सर्वांत जास्त लोकांकडे, तिच्यातून निसटण्यात विषाणूचा फायदा सर्वांत जास्त. चोर ज्या कंपनीचे कुलूप घरोघरी असते त्याचीच किल्ली आधी बनवतो, तसे. जपानमध्ये 'बी-५१' हा एच.एल.ए. प्रकार बराच आढळतो. सुरुवातीच्या काळात तो असलेल्यांना एच.आय.व्ही. विषाणूपासून काहीसे संरक्षण मिळत असे. पण 'बी-५१'ला चकवणारे विषाणूचे रूप तेथे इतके पसरले की ज्यांच्याकडे 'बी-५१' नाही त्यांच्यातही तेच सापडू लागले, आणि ते संरक्षण ओसरले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा बदल घडण्यास पंचवीस-तीस वर्षे पुरली. अशा वेळी ज्यांच्याजवळ विरळा प्रकार असतो ते वाचतात, त्यांची संतती वाढते, विरळा प्रकार लोकप्रिय होतो, आणि चोर त्याच्या किल्लीच्या मागे लागतो. शिवाय ज्याला आईकडून आणि वडिलांकडून निरनिराळे प्रकार मिळाले, त्याच्या पेशी अधिक तऱ्हांचे नमुने दाखवू शकतात, हा फायदा वेगळाच.

या ओढाताणीची खूण जनुकांवरही उमटली आहे. जनुकातील काही बदलांनी प्रथिनातील ॲमिनो आम्ल बदलते. काही बदल मुके असतात, त्यांनी काहीच फरक पडत नाही. बहुतेक जनुकांत मुके बदल जास्त टिकतात, कारण चालू यंत्रात केलेली ढवळाढवळ सहसा अंगाशीच येते. १९८८ मध्ये ऑस्टिन ह्यूज आणि मासातोशी नेई यांनी एम.एच.सी. जनुके तपासली. रेणूच्या इतर भागांत नेहमीचाच प्रकार होता. खाचेच्या भागात मात्र उलटे : तेथे ॲमिनो आम्ल बदलणारे बदलच जास्त टिकले होते. जेथे नमुना धरायचा नेमके तेथेच नावीन्याला बक्षीस मिळत होते.

त्याच सुमारास आणखी एक चकित करणारी गोष्ट उघडकीस आली. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या होऊन साठ-सत्तर लाख वर्षे झाली. तरीही माणसातील काही एच.एल.ए. प्रकार माणसातील दुसऱ्या प्रकारांपेक्षा चिंपांझीतील प्रकारांशी अधिक मिळतेजुळते आहेत. म्हणजे हे वैविध्य माणूस निर्माण झाल्यावर आलेले नाही. दोघांच्या समाईक पूर्वजांकडेच ते होते आणि दोन्ही घराण्यांनी ते वारशाने जपले. तुमच्या बाकावरील मित्राची आणि तुमची एखादी खाच एकमेकींपासून माणसाहूनही जुन्या काळी दुरावलेली असू शकते.

जेथे सगळे सारखे

असे वैविध्य हरवले तर काय होईल? सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले, तेव्हा वर्तमानपत्रे त्यांच्या फोटोंनी भरली होती. त्याच चित्त्यांच्या जातीविषयी १९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला होता. एकमेकांशी नाते नसलेल्या चित्त्यांची कातडी त्यांनी एकमेकांवर लावली, आणि चित्त्यांच्या शरीराने ती स्वीकारली! मांजराची कातडी मात्र नाकारली, म्हणजे यंत्रणा शाबूत होती. फार पूर्वी चित्त्यांची संख्या इतकी घटली असावी की उरलेले जवळजवळ जुळ्यांसारखे झाले. १९८२-८३ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील एका प्राणी-उद्यानात मांजरांत आढळणारा एक कोरोना विषाणू शिरला, आणि तेथील निम्म्याहून अधिक चित्ते दगावले.

ही गोष्ट इतकी सुबक आहे की पुस्तकांतून ती येथेच संपते. पण २०११ मध्ये नामिबियातील रानटी चित्त्यांची एम.एच.सी. जनुके मोठ्या संख्येने तपासली, तेव्हा पूर्वी वाटले होते त्यापेक्षा थोडे अधिक प्रकार सापडले; आणि रानात हे चित्ते एकंदरीत ठणठणीत असतात. सुबक गोष्टींवर जरा जपूनच विश्वास ठेवावा.

टास्मानियन डेव्हिल या प्राण्याची गोष्टही अशीच अर्ध्यावर वळण घेते. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरील हा कुत्र्याएवढा, पोटाला पिशवी असलेला सस्तन प्राणी. १९९६ मध्ये काही डेव्हिलांच्या तोंडावर भयानक गाठी दिसल्या. तो कर्करोग होता, आणि तो चावण्यातून पसरत होता! २००६ मध्ये गुणसूत्रे तपासून असे दिसले की वेगवेगळ्या प्राण्यांच्या गाठींतील पेशी एकमेकींसारख्या आहेत, त्या त्या प्राण्याच्या पेशींसारख्या नाहीत. म्हणजे कोण्या एका डेव्हिलच्या कर्करोगाच्या पेशीच रोपणासारख्या एकाकडून दुसऱ्याकडे जात होत्या. मेडावार यांच्या नियमाने त्या गळून पडायला हव्या होत्या. या प्राण्यांत एम.एच.सी.चे वैविध्य फार कमी असल्याचे २००७ मध्ये आढळले, तेव्हा कोडे सुटले असे वाटले. पण पुढे कोणी तरी एका डेव्हिलची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली, आणि ती चक्क नाकारली गेली! २०१३ मध्ये खरी खोच कळली. त्या गाठींच्या पेशींनी आपल्या पृष्ठभागावरील एम.एच.सी. रेणू जवळजवळ नाहीसे केले होते. तळहातच मागे घेतला, तर दाणे तपासणार कसे? अलीकडे काही थोड्या डेव्हिलांच्या गाठी आपोआप ओसरल्याचेही दिसले आहे.

वैविध्याची किंमतही कोठे तरी मोजावी लागतेच. मघाशी उल्लेख आलेला 'बी-२७' एच.आय.व्ही.ला चांगला रोखून धरतो. पण पाठीचा कणा ताठर करणाऱ्या एका दुखण्याच्या बहुतेक रोग्यांमध्ये हाच 'बी-२७' असतो, हे १९७३ पासून ठाऊक आहे. तो असलेल्या बहुतेकांना ते दुखणे कधीच होत नाही, हेही तितकेच खरे. आणि ज्यांना पूर्ण जुळणारे भावंड नाही अशा रोग्यांसाठी अनोळखी दात्यांच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. अलीकडे औषधांच्या साहाय्याने आईवडिलांची निम्मी जुळणारी मज्जाही देता येऊ लागली आहे.

अण्णांच्या मुलीला तशी गरज पडली नाही. धाकट्याची मज्जा तिला दिली. पहिले काही महिने सर्वांचेच प्राण कंठाशी आले होते. आता ती नववीत आहे. मागच्या महिन्यात ती वडिलांबरोबर प्रयोगशाळेत आली होती. मी तिला सांगितले की तुझ्या रक्तातील पांढऱ्या पेशी आता सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तर त्यांत तुझ्या भावाचे वाय गुणसूत्र सापडेल. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "हे त्याला सांगू नका हं सर, तो लगेच काहीतरी मागेल."